चालतंय ना, मग चालू द्या!

जुन्या वस्तूवर नवा पैसा घालू नये, हे सुभाषित आपल्यात कोणी रूढ केलं ते मला ठाऊक नाही. पण तो गृहस्थ स्वतः ट्रक चालवत नसावा. फार तर ट्रकचा मालक असावा.

आमचे मेहुणे कऱ्हाडला असतात आणि ट्रकचे मालक आहेत. त्यांच्या दोन ट्रकांपैकी थोरला अठरा वर्षांचा आहे, म्हणजे माणूस असता तर यंदा मतदानाला गेला असता. त्याच्या पॉवर स्टिअरिंगचा बॉक्स गेला. मिस्त्रींनी आधी टाकीतलं तेल पाहिलं, पंपाला गेज लावून दाब पाहिला, किंगपिन आणि टाय रॉडचे सांधे हलवून पाहिले आणि मगच निकाल दिला, "आतला माल झिजलाय. नवा टाका." (काहीही न पाहता "बॉक्स बदला" म्हणणारे मिस्त्रीही असतात. त्यांच्यावर स्वतंत्र लेख लिहावा लागेल.)

मेहुणे मला म्हणाले, "दाजी, गाडीची किंमत काय, बॉक्सची काय! आणि ड्रायव्हर दणकट आहे आपला. चालतंय ना, मग चालू द्या."

माझं भांडण या वाक्याशी आहे.

स्टिअरिंगचं चाक फिरवलं आणि पुढची चाकं लगेच वळली नाहीत, तर त्या मधल्या मोकळ्या फिरण्याला गॅरेजात 'प्ले' म्हणतात. मेहुण्यांच्या ट्रकला चांगला वीतभर प्ले होता. ड्रायव्हर गाडी सरळ ठेवण्यासाठी दिवसभर चाक डावी-उजवीकडे हलवत असे. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, बाळाला झोपवतोय. 'प्ले' म्हणजे खेळ हे मी शाळेत शिकलो होतो, पण या खेळात एका बाजूला भरलेला ट्रक असतो आणि दुसऱ्या बाजूला समोरून येणारे तुम्ही-आम्ही. नाणेफेकसुद्धा होत नाही.

आता तो 'दणकट ड्रायव्हर'. आम्हा मध्यमवर्गीयांना पॉवर म्हटलं की चष्म्याचा नंबर आठवतो. ट्रकमधली पॉवर म्हणजे तेलाचा दाब. इंजिनावर चालणारा पंप तेल ढकलतो, ते बॉक्समधल्या पिस्टनला रेटतं आणि चाकं वळतात. बॉक्समधून दाब गळू लागला तरी स्टिअरिंग सुटत नाही, आतली लोखंडी जोडणी काम करत राहते. फक्त जे तेलाने करायचं ते माणसाच्या खांद्यांनी करायचं. म्हणूनच मालकाला ट्रक 'चालतोय' असं दिसतं. ट्रक चालतच असतो, मोडत असतो तो ड्रायव्हर. पण ड्रायव्हरच्या खांद्याचं बिल गॅरेजवाला देत नाही, त्यामुळे ते खर्चात धरायची पद्धत नाही.

आणि ही सोय काही लाडावलेल्या मोटारवाल्यांसाठी निघाली नव्हती. 1926 साली अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाच्या इंजिनिअराने पॉवर स्टिअरिंग चालवून दाखवलं, तो पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागातला माणूस. मोटारवाल्यांनी आधी 'फार महाग पडतं' म्हणून ते बाजूला ठेवलं, मग महायुद्धात लष्करी गाड्यांवर ते बसलं आणि 1951 साली क्रायस्लरच्या मोटारीतून बाजारात आलं. म्हणजे 'महाग पडतं' हे काही आमच्या मेहुण्यांचं स्वतंत्र संशोधन नव्हे.

गाडीच्या किमतीशी बॉक्सची किंमत ताडून पाहणं हेच मुळात चुकीचं गणित आहे. खंबाटकी घाटात ट्रक किती जुना हे घाट विचारत नाही. अठरा वर्षांचा ट्रक आहे म्हणून त्याच्यापुरती वळणं थोडी सरळ करून द्यायची, अशी सवलत अजून निघालेली नाही.

अखेर मेहुणे तयार झाले, पण अर्धेच. "बॉक्स टाका, बाकी राहू दे." मला वाटतं, काहीच न करणाऱ्यापेक्षा हा 'बाकी राहू दे'वाला जास्त घातक. झिजलेल्या बॉक्सचा लोखंडी कीस तेलातून पंपात, पाइपांत आणि टाकीत पसरलेला असतो. त्याच तेलावर नवा बॉक्स चढवणं म्हणजे अंघोळ करून पुन्हा मळकेच कपडे घालणं. मिस्त्री यावर अडून बसले. पाइप धुणार, फिल्टर बदलणार, तेल नवं घालणार, चॅसीला बॉक्स धरणारे बोल्टही नवे. मेहुणे बोल्टांवरसुद्धा घासाघीस करत होते!

मिस्त्रींचं काम मात्र पाहत राहावं. ड्रॉप आर्मवर काढण्याआधी खूण केली. आर्म पुलरने काढला, हातोडा उचललाच नाही. पोऱ्याने उचलला तेव्हा त्याला म्हणाले, "ठोकून चीर पडली तर ती हितं न्हाय दिसायची, घाटात दिसंल." नवा बॉक्स या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजले, निम्मे उलटे फिरवून मध्य काढला, चाकं सरळ केली आणि मगच आर्म चढवला. हे मोजणं टाळलं तर गाडी एका बाजूला पुरती वळते आणि दुसऱ्या बाजूला विचार करते. मग पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन, तेल घालत घालत, चाक सावकाश या अंगाला, त्या अंगाला. टाकीत फेस येत होता. फेस म्हणजे हवा, आणि हवा दाबली जाते, रेटत नाही. फेस थांबेपर्यंत तासभर हेच. मेहुणे तीनदा म्हणाले, "झालं की आता!" मिस्त्रींनी तिन्ही वेळा उत्तर दिलं नाही.

ड्रायव्हरने गाडी यार्डातून फिरवून आणली आणि उतरल्यावर एका हाताची दोन बोटं वर करून दाखवली. मला वाटलं, दोन तक्रारी आहेत. तो म्हणाला, "दोन बोटांनी वळती, साहेब."

मेहुण्यांनी बिल घडी करून खिशात घातलं. धाकट्या ट्रकच्या बॉक्सखालीही हल्ली तेलाचं थारोळं दिसतं, पण त्याचं काही विशेष नाही म्हणे. रोज थोडं तेल ओतलं की चालतं.