नालंद्याचे सभागृह, पुण्याचे टेबल

१२ ऑक्टोबर २०१९ रोजी चेन्नईजवळ कोवलमच्या किनाऱ्यावर नरेंद्र मोदी आणि शी जिनपिंग बोलायला बसले होते. त्या भेटीत भारत-चीन राजनैतिक संबंधांच्या सत्तरीनिमित्त २०२० मध्ये सत्तर कार्यक्रम करायचे ठरले होते. त्याच वर्षी जूनमध्ये गलवानला चिनी सैन्याशी झालेल्या झटापटीत आपले २० जवान धारातीर्थी पडले.

मैत्रीच्या कामाआड असा संघर्ष पूर्वीही आला आहे. सातव्या शतकात कोवलमजवळच्या कांचीपर्यंत आलेल्या ह्युएन त्संग या चिनी भिक्षूचे स्मारक नालंद्याला आहे. १९५७ च्या जानेवारीत त्याच्या अस्थी दलाई लामांच्या हस्ते पंडित नेहरूंकडे आल्या. मग १९६२ चे युद्ध झाले आणि स्मारकाची वास्तू पुरी व्हायला १९८४ उजाडले. ज्याने भारतातून ६५७ ग्रंथ नेले आणि उरलेल्या आयुष्यात त्यांतल्या ७५ ग्रंथांची चिनी भाषांतरे केली, त्या माणसाला राजकारणाने इतके ताटकळत ठेवावे, याचे वाईट वाटते.

पण भाषेचे काम युद्धासाठी थांबत नाही, हे पुण्याने दाखवून दिले आहे. फर्ग्युसनचे प्रा. पु. वि. बापट पालीचे पंडित. ‘विमुत्तिमग्ग’ हा बौद्ध ग्रंथ सबंध उरला तो चिनी भाषांतरात. म्हणून बापटांनी चिनी वाचली, बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’शी तो प्रकरणागणिक ताडून पाहिला आणि १९३७ मध्ये पुण्यातच पुस्तक छापले. युद्धाला आठ वर्षे झाली होती, संबंध गोठलेले होते, तरी १९७० मध्ये जपानी विद्वान हिराकावा यांच्या साथीने त्यांनी केलेले एका चिनी विनयग्रंथाचे भाषांतर भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केले. तेव्हा बापट पंचाहत्तरी ओलांडलेले होते! अशा माणसाचे स्मारक कोणते असावे?

ह्युएन त्संग चालुक्य राजा पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रातही आला होता. इथली माणसे उपकार विसरत नाहीत, अपमानही विसरत नाहीत आणि सूड घेण्याआधी शत्रूला आगाऊ कळवतात, असे त्याने लिहून ठेवले. आपल्याविषयीचा हा मजकूर आपण बहुधा बील या इंग्रज अभ्यासकाच्या १८८४ च्या इंग्रजी भाषांतरातून वाचतो. म्हणून राज्य सरकारने पुण्यात बापटांच्या नावे अभिजात चिनीचे कायमचे अध्यासन काढावे. शिष्यवृत्ती निदान पाच वर्षांची हवी, कारण त्याहून कमी काळात ही भाषा हाती येत नाही. पहिले काम म्हणून विद्यार्थ्यांपुढे महाराष्ट्रावरचे तेच प्रकरण मूळ चिनीतून ठेवावे.