जोडबस घ्या, पण चालवू नका

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत पाळी सुटताना रिक्षांसाठी जी झुंबड उडते, ती पाहून कुणाच्याही डोक्यात येईल अशी ही कल्पना आहे. एखाद्या मोठ्या शहराच्या परिवहन सेवेतून बाद झालेली जोडबस, म्हणजे मधे रबरी भाता असलेली अठरा मीटरची बस, पडेल भावात उचलायची, रंग मारायचा आणि स्टेशन ते कंपनी अशी कामगारांसाठी फिरवायची. एकच ड्रायव्हर, एकच इंजिन आणि दुप्पट माणसं. कल्पना सुचणं स्वाभाविक आहे. ती अमलात आणू नये, असं माझं म्हणणं आहे.

समर्थकांचा पहिला मुद्दा किमतीचा. पण कायद्याने नेमकं काय विकत मिळतं, हे ते पाहत नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून सरकारी मालकीच्या पंधरा वर्षांवरील वाहनांची नोंदणी रद्द होते. त्यात महापालिकांच्या आणि राज्य परिवहन उपक्रमांच्या बसही आल्या. ही वाहनं नोंदणीकृत भंगार केंद्रातच मोडायची असतात. म्हणजे तुमच्या हाती पडतं ते पत्रा, काच आणि लोखंड. ‘ओळखीने कागद करून घेऊ’ म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं की ज्या गाडीची नोंदणीच उरली नाही, तिचा विमा कोण उतरवणार आणि अपघातात कामगार जखमी झाला तर भरपाई कोणाच्या खिशातून जाणार?

यावर चलाख उत्तर असतं: सरकारी नको, खासगी ठेकेदाराची किंवा बँकेने जप्त केलेली घेऊ. ठीक. तिथे व्यवहार कायदेशीर होऊ शकतो. पण कंपनीने आपली माणसं आणायला ठेवलेली बस मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ‘खासगी सेवा वाहन’ ठरते. तिला परवाना लागतो, फिटनेस लागतो आणि तिच्यातून भाडं घेता येत नाही. शेजारच्या कंपनीचे कामगार चार पैसे घेऊन बसवले, की नियम मोडलाच. आणि दोन-तीन कंपन्यांनी खर्च वाटून घ्यावा, यावर तर या कल्पनेचं सगळं गणित उभं असतं. पंधरा वर्षांवरील जड प्रवासी वाहनाच्या फिटनेसचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये १२,५०० रुपये झालं. कल्याण आरटीओत ते भरणं हा या सगळ्यातला सर्वांत सोपा भाग.

खरी अडचण जोडाची. पुढचा आणि मागचा डबा एका फिरत्या चकतीवर, टर्नटेबलवर, जोडलेला असतो. आधुनिक जोडबसमध्ये बहुधा इंजिन शेवटच्या भागात असतं आणि मागचा डबा पुढच्याला ढकलतो. ओल्या रस्त्यावर ढकलणारा भाग आडवा वळून बस मधेच दुमडू नये, म्हणून त्या जोडात हायड्रॉलिक रोध बसवलेला असतो आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असतं. ब्रेकच्या हवेचे पाइप आणि वायरिंग त्याच जोडातून जातात, प्रत्येक वळणावर पिळले जातात. उल्हासनगरात काय वाट्टेल ते बनतं, ही आपली अभिमानाची गोष्ट. तिथल्या मालावरचं ‘यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’, हा विनोद आपणच सांगतो. सीटची कव्हरं, काचा, पत्र्याचे तुकडे बनतीलही. पण चालत्या बसच्या जोडातला रोध अंदाजाने बनवलेल्या भागावर सोडायचा का? माझं उत्तर नाही. पंचवीस कामगार घेऊन नाही आणि एकटा ड्रायव्हर असला तरी नाही.

सार्वजनिक सेवेत हीच बस वर्षानुवर्षं कशी चालते, हा रास्त प्रश्न आहे. चालते, कारण तिच्यामागे आगार असतं. एसटीकडे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथे मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. बेस्टची दादरला आहे. एकाच जातीच्या अनेक बस असतात, तेव्हा सुटे भाग साठवणं परवडतं आणि मेकॅनिकचा हात बसतो. मुंबईला जोडबस नवी नाही, बेस्टने त्या १९६७ सालीच आणल्या होत्या. पण एकट्या कंपनीच्या दारात उभी असलेली एकटी जोडबस म्हणजे पाण्याबाहेर काढलेला मासा.

आगार असूनही ही बस दगा देते, याचा दाखला माल्टाचा आहे. लंडनने २००२ पासून मर्सिडीजच्या सिटारो जोडबस चालवल्या. सुरुवातीच्याच काळात त्यांतल्या काहींना आगी लागल्या. डिसेंबर २०११ मध्ये लंडनने त्या कायमच्या बंद केल्या. त्यांतल्या बऱ्याच बस माल्टा बेटावर गेल्या: अरुंद रस्ते, कडक ऊन. ऑगस्ट २०१३ मध्ये तिथे थोड्या दिवसांत लागोपाठ बस पेटल्या आणि जोडबस रस्त्यावरून काढाव्या लागल्या. त्या चालवणारी काही एखादी कारखान्याची वाहतूक शाखा नव्हती, अरायव्हासारखी युरोपभर बस चालवणारी कंपनी होती.

मग आपले रस्ते. अंबरनाथच्या शिवाजी चौकातल्या गर्दीत किंवा फॉरेस्ट नाक्याजवळ अठरा मीटरची बस चुकून मागे घ्यावी लागली, तर काय होईल याची कल्पना करावी. सरळ बस मागे घेणं आणि सांधा असलेली घेणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. लो-फ्लोअर बस असेल तर गतिरोधकांवर पोट घासणार, पावसात तुंबलेल्या पाण्यात दारातून पाणी येणार. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पाण्यात अडकली होती. या पट्ट्यात उल्हास नदीला विचारल्याशिवाय लांब गाडी घेऊ नये.

राहिला दुप्पट माणसांचा मुद्दा. तो समर्थकांचा सर्वांत मजबूत मुद्दा आहे, आणि तिथेच तो उलटतो. एका जोडबसमध्ये अख्खी पाळी बसवली आणि ती फॉरेस्ट नाक्यावर बंद पडली, तर अख्खी पाळी रस्त्यावर. दोन साध्या बसपैकी एक बंद पडली, तर निम्मी पाळी वेळेवर पोहोचते आणि दुसरी बस परत फिरून उरलेल्यांना आणते. शिवाय साध्या बसला ड्रायव्हर मिळतो, गॅरेज मिळतं, आणि कंटाळा आला तर गिऱ्हाईकही मिळतं. दुसऱ्या ड्रायव्हरचा पगार हा या खात्रीचा खर्च आहे. कंपन्यांनी खरंच एकत्र यायचं असेल, तर परवाना असलेल्या ठेकेदाराच्या साध्या बस कराराने घ्याव्यात आणि पाळ्यांच्या वेळा अर्ध्या तासाने पुढेमागे कराव्यात. त्यात रंगरंगोटीची हौस भागत नाही, हे खरं.

हौस भागवायचीच असेल, तर त्यालाही वाट आहे. पुण्यात २०१६ साली पीएमपीच्या जुन्या बसमधून महिलांसाठी ‘ती’ स्वच्छतागृहं उभी राहिली. बस धावणं थांबवते तेव्हा तिचा सांधा, ब्रेक आणि फिटनेस हे प्रश्नच संपतात, आणि उरतो तो रुंद, हवेशीर, खिडक्यांचा डबा. आनंदनगरात टेम्पो-टँकरचे ड्रायव्हर तासन्‌तास गेटबाहेर उन्हात थांबतात. त्यांच्यासाठी विश्रांतीची खोली किंवा कामगारांसाठी कँटीन म्हणून असा डबा उत्तम. भंगार केंद्रातून रीतसर पावती घेऊन नुसता सांगाडा घ्यावा, इंजिन आणि डिझेलची टाकी आधीच काढून घ्यावी, जोडापाशी कापून दोन भाग दोन गेटांवर ठेवावेत. ट्रेलरवर चढवण्यापूर्वी मात्र वाटेतल्या विजेच्या तारांची उंची मोजून घ्यावी, आणि क्रेनचं भाडं बसच्या किमतीतच धरावं.