मूल, ओव्हरीचा कॅन्सर आणि आत्याची चौकशी

मी डॉक्टर नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आम्हाला मूल नाही, त्यामुळे "मूल झाले की ओव्हरीचा कॅन्सर होत नाही" हा सल्ला मला हळदीकुंकवापासून पिकनिकपर्यंत सगळीकडे फुकट मिळतो. त्यात तथ्य किती आणि भीती किती, हे एकदा आकड्यांत पाहू या.

तथ्य आहे. मूल झालेल्या स्त्रियांना हा कॅन्सर होण्याची शक्यता ढोबळमानाने एक तृतीयांशाने कमी असते. पुढच्या बाळंतपणांनी ती आणखी घटते, अंगावर पाजल्यानेही घटते. दर महिन्याला बीज बाहेर पडताना बीजांडकोशाला होणारी इजा गरोदरपणात टळते, असे कारण डॉ. फथल्ला यांनी १९७१ साली सुचवले. पण पाच वर्षे किंवा अधिक काळ गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांमध्येही हा धोका जवळजवळ निम्मा आढळतो. म्हणजे हे संरक्षण केवळ आईपणाची मक्तेदारी नाही.

आता भीतीचा हिशेब. अमेरिकेत हजार स्त्रियांपैकी सुमारे ११ जणींना आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो. मूल असण्या-नसण्याचा फरक माझ्या हिशेबाने हजारात चार-पाच जणींचा. एवढ्यासाठी कुणी मूल जन्माला घालावे, असे मला वाटत नाही. मूल हवे म्हणून व्हावे, औषध म्हणून नव्हे. आणि दोन मुलांच्या आईने निर्धास्त राहणे हे त्याहून धोक्याचे.

खरा मोठा फरक घराण्यात दडलेला असतो. बीआरसीए-१ या जनुकात दोष असेल, तर हा धोका शंभरात ३९ ते ५८ इतका वाढतो. हा दोष वडिलांकडूनही येतो. म्हणून मावशीइतकीच आत्याचीही चौकशी करा. आपल्याकडे "पोटाच्या दुखण्याने गेली" एवढ्यावर विषय संपतो. भारतात फोन कराल तेव्हा नेमका आजार कोणता आणि वय किती होते, हे विचारून लिहून ठेवा. ओव्हरीचा किंवा स्तनाचा कॅन्सर निघाला, तर डॉक्टरांना जरूर सांगा.

जनुकचाचणीआधी विम्याचाही विचार करावा. २००८ च्या जीना कायद्यानुसार आरोग्यविमा कंपनी चाचणीच्या निकालावरून विमा नाकारू शकत नाही वा हप्ता वाढवू शकत नाही. जीवनविम्याला मात्र हा कायदा लागू नाही.

शेवटी एक महत्त्वाचे. पॅप स्मिअर ही ओव्हरीच्या कॅन्सरची तपासणी नव्हे, आणि काही त्रास नसताना सरसकट करावी अशी भरवशाची चाचणी अजून नाही. पोट फुगणे, दोन घासांत पोट भरणे, ओटीपोटात दुखणे, वारंवार लघवीला जावे लागणे, असे काही नव्याने सुरू होऊन महिन्यातले बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, तर गॅस समजून ओवा चघळत बसू नका. मुले असोत वा नसोत, डॉक्टरांची वेळ घ्या.