पडदा कोणी उघडायचा?

दिवाळीच्या तोंडावर मध्यमवर्गीय घरात दोन गोष्टी ठरलेल्या. घराला रंग द्यायचा की नाही यावर पंधरा दिवस चर्चा, आणि शेवटी रंग न देता त्या पैशांत दुसरेच काहीतरी घेणे. यंदा आमच्याकडे हे दुसरेच काहीतरी म्हणजे खिडक्यांचे पडदे. साधे नव्हेत, विजेचे. बोट दाबले की वर जाणारे, सांगितले की खाली येणारे, आणि न सांगताही घड्याळ पाहून आपले आपण उघडणारे. स्मार्ट म्हणतात त्यांना. घरातल्या वस्तू हुशार होऊ लागल्या की घरातल्या माणसांनी जरा सावध व्हावे, असे माझे जुने मत आहे. पण चिरंजीव पुण्याला संगणकाच्या कंपनीत, तेव्हा असल्या विषयात माझ्या मताचा भाव घरात फारसा वधारलेला नाही.

पडदे आमच्या बोरिवलीच्या ब्लॉकसाठी नव्हतेच. ते माकुणसारच्या घरासाठी. तिथे आई एकटी राहते. वय ८१. "तुमच्या त्या खुराड्यात मला श्वास घेता येत नाही," हे तिचे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की सौ. आता ते तिच्या आधीच म्हणते. डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली धावू लागली तेव्हापासून जाणेयेणे तरी सोपे झाले. सफाळे किंवा केळवे रोडला उतरले की घर आलेच म्हणायचे. पण गेल्या पावसाळ्यापासून आईचा उजवा खांदा जखडला. हात कानापर्यंत जातो, वर जात नाही. आणि त्या घराच्या खिडक्या वडिलांनी, हवा खेळावी म्हणून, मुद्दाम उंच ठेवलेल्या. पडदा सरकवायचा तर काठी घ्यावी लागते. काठी घेऊन स्टुलावर चढलेली आई सौ.ने पाहिली, आणि विषयाला तोंड फुटले.

चिरंजीवांनी दरपत्रक मागवले. एका खिडकीला साडेबारा हजार, खिडक्या पाच. आकडा ऐकून मी चष्मा पुसला. मग म्हटले, निदान हे प्रकरण काय आहे ते तरी समजून घेऊ.

प्रकरण तसे सरळ आहे. कापड ज्या नळीवर गुंडाळले जाते, त्या नळीच्या पोटातच लांबोडकी मोटर बसवलेली असते. पडद्याने वर कुठे थांबायचे नि खाली कुठे, हे तिला एकदाच शिकवून ठेवायचे. एक जात थेट घरच्या विजेवर चालते, दुसरी आत भरलेल्या बॅटरीवर. ही बॅटरी मोबाइलसारखी काही महिन्यांनी भरायची. हातातला रिमोट रेडिओलहरींवर चालतो. फोनवरून, किंवा नुसते बोलून, पडदा हलवायचा तर घरात इंटरनेट आणि बहुधा आणखी एक डबी लागते. कल्पनाही काही कालची नव्हे. या मोटरींसाठी नावाजलेली फ्रान्समधली सोम्फी कंपनी १९६९ सालची.

गंमत पाहा, त्याच साली आमच्या शेजारी तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. तरीही माकुणसारला पावसाळ्यात वीज जाते. त्यात केंद्राचा काय दोष? वारा सुटला आणि नारळाची झावळी तारेवर पडली, की कुठलाही अणू कामाला येत नाही. अशा वेळी थेट विजेवरचा पडदा जिथे असेल तिथे थिजतो, आणि हाताने ओढायची सोय त्याला बहुधा नसते. बॅटरीवाला मात्र रिमोटला ओ देतो. फोनला देत नाही, कारण वीज गेली की इंटरनेटही गेले. पहिला निकाल इथेच लागला: घ्यायचा झाला तर बॅटरीचा.

"पण आजी, ऊन किती कमी होईल!" हा चिरंजीवांचा दुसरा मुद्दा. इथे मात्र मी अडलो. पडदा काचेच्या आत असतो. ऊन काचेतून आत येते, पडद्यावर पडते, पडदा तापतो, आणि तापलेला पडदा खोलीलाच शेकत बसतो. पाठ पांढरी असली तर थोडे ऊन परत फेकले जाते, एवढेच. ऊन अडवायचे ते काचेच्या बाहेर. आपल्या जुन्या लोकांनी पडवी काढली, छप्पर पुढे आणले, खिडकीबाहेर बांबूची चिक सोडली, ती उगाच नव्हे. शिवाय आमच्याकडे दुपारचे ऊन पश्चिमेचे, आणि दर्यावरचा वाराही पश्चिमेचाच. पडदा पुरता खाली सोडला तर उन्हाबरोबर वाराही बाहेर; अर्धा सोडला तर तो रात्रंदिवस चौकटीवर थडथडणार. चिक बिचारी वाऱ्याला वाट देते. उत्तरेची खिडकी निर्धास्त, असेही समजू नका. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत सूर्य आपल्या माथ्याच्या उत्तरेला असतो. ऐन मे महिन्यात संध्याकाळचे ऊन तिथूनही तिरके शिरते. त्यात खारी हवा. आमच्या खिडक्यांच्या कड्या तीन वर्षांत गंजतात, तर पडद्यांच्या पट्ट्या नि स्क्रू किती टिकायचे?

शहरातल्या वाचकांचे वेगळे. बाराव्या मजल्यावर पश्चिमेला भिंतभर काच, खिडकी उघडायची सोय नाही, बाहेर चिक बांधू देत नाहीत, अशा घरात हा पडदा चैन म्हणता येणार नाही. रांगते मूल असेल तर आणखी एक गोष्ट: पडद्याची लोंबती दोरी लहान मुलांच्या गळ्याभोवती अडकून जीव गेले आहेत. म्हणून तर अमेरिकेत डिसेंबर २०१८ पासून दुकानात तयार मिळणाऱ्या पडद्यांना लांब लोंबती दोरी ठेवू नये, असे उद्योगाच्या मानकातच आले. अर्थात बिनदोरीचे हाताचे पडदेही मिळतात. त्यासाठी मोटरच हवी असे नाही.

एवढे झाल्यावर मी चार खिडक्या यादीतून खोडल्या. उरली आईच्या खोलीची, उंच, पूर्वेची. ती चिरंजीवांनी सोडली नाही. त्यांची योजना तयार होती. सकाळी साडेसहाला पडदा आपोआप उघडायचा, सातला बंद... सॉरी, संध्याकाळी सातला. आजीने काहीच करायचे नाही.

मोजमाप घ्यायला गेलो तेव्हा पलीकडच्या वहिनी कुंपणापाशी आल्या. त्यांना सगळे सांगितले. त्या जरा घुटमळल्या नि म्हणाल्या, "भाऊजी, म्हणजे पडदा आपला आपण उघडणार?"

"हो."

"मग मला कसं कळायचं?"

तेव्हा उलगडा झाला. गेली सहा वर्षे वहिनी सकाळी अंगणात सडा घालताना आईच्या खिडकीकडे पाहतात. पडदा सरकलेला दिसला की आपल्या कामाला लागतात. सातपर्यंत सरकला नाही तर हातातले टाकून येतात. गेल्या श्रावणात आई तापाने निपचित पडली होती, तेव्हा डॉक्टर आले ते याच पडद्यामुळे. आम्हाला बोरिवलीला फोन आला तो नंतर. आईने हे आम्हाला कधी सांगितले नव्हते, नि वहिनींनीही नाही. म्हणजे आमचा स्मार्ट पडदा त्या दिवशीही साडेसहाला थाटात उघडला असता, आणि वहिनी निश्चिंतपणे धुणे वाळत घालायला गेल्या असत्या.

चिरंजीवांना फोन केला. ते क्षणभर गप्प राहिले. मग नवी युक्ती. घड्याळ काढून टाकू, आजीने बटण दाबले की मला पुण्याला निरोप येईल. आईने फोन माझ्या हातातून घेतला.

"अरे, मी उठले हे पुण्याला कळून काय करायचंय? आधण ठेवायला तू येणार आहेस का?"

तेव्हा ठरले ते असे. एकच पडदा, बॅटरीचा. घड्याळ नाही, इंटरनेट नाही, डबी नाही. तीन बटणांचा रिमोट पलंगाशेजारी, आईच्या डाव्या हाताला, भिंतीवर. पश्चिमेच्या दोन खिडक्यांना बाहेरून चिक. तिची दोरी कमरेइतक्या उंचीवर खुंटीला बांधायची, म्हणजे खांद्याला त्रास नाही. बाकीच्या दोघींना आहे तेच कापड.

बॅटरी भरायला काही महिन्यांनी कोणीतरी स्टुलावर चढायला हवे. ते काम वहिनींच्या धाकट्याने अंगावर घेतले आहे. आईने त्याला दर खेपेला चार रव्याचे लाडू कबूल केले. त्याने सहा मागितले, पाचावर सौदा तुटला.