सह्या सगळ्यांच्या, पण बोललं कोण?

मंडळी, जरा स्पष्ट लिहितोय, राग मानू नका.

जिंतूर तालुक्यातल्या गावांत योजनांच्या बैठका घ्यायचं काम मी करतो. काही वर्षांपूर्वी एका गावात नळयोजनेची बैठक होती. पारावर साठ-सत्तर माणसं. रजिस्टरवर बायांच्या सह्या-अंगठे भरपूर. बोलले मात्र चौघंच, तेही खुर्च्यांवर बसलेले. तासाभरात आराखडा मंजूर. मीही खुश!

लोक उठायला लागले तेव्हा मागून एक मावशी म्हणाल्या, "दादा, आमची वस्ती उंचावर हाय. तिथं पाणी चढंल का?"

सगळे गप्प. टाकीची जागा ठरवताना हा विचार कुणी केलाच नव्हता. रोज हंडा वाहणाऱ्या बाईला जे ठाऊक होतं, ते आम्ही तिला विचारलंच नाही. चूक माझी होती.

कायद्यात कमी नाही हो. ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावीच लागते. २०१९ला सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावच्या पाणी समितीत निम्म्या महिला असाव्यात आणि दुर्बल घटकांनाही लोकसंख्येच्या प्रमाणात जागा द्यावी, असं मार्गदर्शक सूचनांत आहे. पण समितीत नाव असणं वेगळं आणि आराखड्यात शब्द असणं वेगळं.

त्या दिवसापासून मी पद्धत बदलली. पहिली बैठक पारावर नाही, वस्तीवर. वेळ संध्याकाळची, कारण दुपारी बोलावलं तर मजुरी बुडते. जमिनीवर रांगोळीनं गावाचा नकाशा काढायचा आणि खडू-काडी आधी बायांच्या हातात द्यायची. चढ कुठं, आटणारी विहीर कोणती, सगळं आपोआप निघतं. शेवटी ठराव मोठ्यानं वाचायचा, मगच सह्या.

"एवढा वेळ कुणाला आहे?" असं विचारतात. दोन दिवस जास्त जातात, खरंय. पण चुकीच्या जागी बांधलेली टाकी दोन दिवसांत हलत नाही. येलदरीचं धरण आपल्याच तालुक्यात आहे. धरण जवळ असलं म्हणून पाणी वस्तीपर्यंत येत नाही, ते नियोजनानंच येतं.

येत्या ग्रामसभेत एकच करा. ठराव मंजूर व्हायच्या आधी उभं राहून विचारा, "शेवटच्या घरातलं कोण बोललं?"

तुमच्या गावात काय होतं? खाली लिहा.