गाभण जनावराचा घास आणि आपले विज्ञानधोरण

१६ मार्च २०२३ रोजी कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत ‘गंगा’ ही गीर जातीची क्लोन कालवड जन्मली. जन्मवेळी तिचे वजन ३२ किलो होते. देशभर तिचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. मात्र तिचा जनुकीय वारसा गीर गायीचा असला, तरी ती वाढली दुसऱ्याच गायीच्या उदरात. बीज कितीही उत्तम असो, त्याला नऊ महिने पोसणारी माता आणि त्या दोघांना जोडणारी वार यांच्यावाचून ते फलद्रूप होत नाही. क्लोन केलेले अनेक गर्भ दगावतात, त्यामागेही बहुधा वारेतील दोषच असतो. तरीही पशुसंवर्धनाच्या आपल्या सार्वजनिक चर्चेत बीजाला सिंहासन मिळते आणि वारेचे नावही निघत नाही.

गाय, मेंढी, शेळी यांची वार माणसासारखी एकसंध चकतीच्या आकाराची नसते. गर्भाशयाच्या भिंतीशी ती बटणांसारख्या अनेक गाठींनी जोडलेली असते. मातेच्या रक्तातील ग्लुकोज, अमिनो आम्ले आणि प्राणवायू तेथूनच गर्भाला मिळतात. मेंढीचा गाभणकाळ सुमारे १४७ दिवसांचा असतो. त्यात वारेची बहुतेक वाढ पहिल्या ७५ ते ८० दिवसांतच पूर्ण होते. गर्भाचे वजन मात्र प्रामुख्याने शेवटच्या तिसऱ्या हिश्शात वाढते. म्हणजे आधी रस्ता बांधला जातो आणि मग त्यावरून माल जातो. रस्ता बांधण्याच्या काळात दीर्घ उपासमार झाली, तर पुढे गव्हाण भरूनही गर्भापर्यंत पुरेसे पोहोचेलच असे नाही.

याचा अर्थ भरमसाट खाऊ घालावे, असाही नाही. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या रोवेट संस्थेत, स्वतःच अजून वाढत्या वयात असलेल्या गाभण मेंढ्यांना मुबलक खाद्य देण्यात आले. त्यांच्या अंगावर मांस चढले, पण वार खुरटली आणि कोकरे लहान निपजली. अन्न मातेच्या वाढीकडे वळले, गर्भाच्या वाट्याला कमी आले. मधल्या काळातील सौम्य टंचाई धष्टपुष्ट मेंढीची वार पसरून भरूनही काढते. आधीच रोडावलेल्या मेंढीला ती सवलत नसते. तेव्हा प्रश्न केवळ ‘किती’ याचा नाही. ‘केव्हा’ आणि ‘कोणत्या अवस्थेत’ याचाही आहे.

या उपेक्षेची किंमत एका पिढीत फिटत नाही. २०१५ मध्ये भारतीय आणि ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी, ज्यांत पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक हेही होते, सलग ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते उंदीर कमी वजनाचे जन्मत, त्यांच्या पोटात चरबी अधिक साठे आणि ते मधुमेहाला सहज बळी पडत. पुढे दोन पिढ्या पुरेसा आहार देऊनही हा दोष मिटला नाही. उंदरांवरून गायीचे अनुमान थेट काढू नये हे खरे. पण उशिरा वाढलेले ताट मागची भूक पुसून टाकते, या आपल्या भाबड्या समजुतीला त्याने तडा नक्कीच जातो.

आता आपल्या गोठ्याकडे पाहू. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गोवंश, सुमारे ११ कोटी म्हशी आणि जवळपास १५ कोटी शेळ्या आहेत. दूध आटले की जनावर भाकड ठरते आणि पेंड थांबते. उरतो तो वाळला कडबा किंवा भाताचा पेंढा. परंतु गाभण जनावर आटते ते शेवटच्या दोन-तीन महिन्यांत. नेमक्या त्याच काळात पोटातील वासराची भूक सर्वाधिक असते. हा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ज्या जनावरापासून आज रुपयाही येत नाही, त्यावर खर्च करायला त्याच्या हाती पैसा नसतो. म्हणूनच ही जबाबदारी धोरणाची आहे.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय गोकुळ अभियानातून कृत्रिम रेतन, लिंगनिश्चित वीर्य आणि भ्रूण प्रत्यारोपण यांना बळ मिळाले. त्याला विरोध नाही. मात्र त्याला जोड हवी. रेतनाची नोंद होते, तशीच जन्मलेल्या वासराच्या वजनाचीही व्हावी. गाभण तपासणी करणाऱ्या कार्यकर्त्यानेच त्या जनावराच्या आहाराचे वेळापत्रक लिहून द्यावे. शेवटच्या तीन महिन्यांसाठी पेंड आणि खनिज मिश्रण अनुदानित दराने मिळावे. यासाठी नवी प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती फक्त दृष्टी.

उत्तम वाण निपजावे म्हणून आपण रेताच्या एका नळकांडीवर खर्च करतो आणि ते वाण जिच्या उदरात रुजते तिला अर्धपोटी ठेवतो. पेरणी महागाची करून पाणी तोडणाऱ्या शेतकऱ्याला आपण शहाणा म्हणणार नाही. मग अशा धोरणाला काय म्हणावे?