गॅस गेला, पण कुठे?

मंडईत कैऱ्या आल्या आणि वाहतुकीच्या दिव्यापाशी मोटारींच्या काचा खाली आल्या, की आम्हां जुन्या मोटारवाल्या पुणेकरांचा एक वार्षिक विधी सुरू होतो. 'गॅस भरणे'!

माझी मारुती ८०० आहे १९९९ सालची. एसीतून फुंकर मारल्यासारखी कोमट हवा येऊ लागली, की मी तिला गॅरेजात नेत असे. (गॅरेजचे नाव सांगत नाही. मला रोज तिथूनच जावे लागते.) तिथला मुलगा बॉनेट उघडून गेज लावी आणि गंभीर चेहऱ्याने म्हणे, "काका, गॅस गेलाय."

कुठे गेला, असे मी कधी विचारले नाही. 'गेला' म्हटल्यावर आपल्याकडे फार खोलात जात नाहीत. पैसे द्यायचे, गार हवा खात घरी यायचे आणि पुढल्या चैत्रात पुन्हा गेलेल्याची विचारपूस. तीन वर्षे हे चालले.

आता माझे भांडण ऐका. गॅस म्हणजे काही पेट्रोल नव्हे. तो जळत नाही, संपत नाही. कॉम्प्रेसरने दाबायचे, पुढच्या कंडेन्सरमध्ये त्याने गार होऊन द्रव व्हायचे, डॅशबोर्डमागे पुन्हा वाफ होऊन आपली उष्णता उचलून न्यायची. बंद नळ्यांतून तोच बिचारा जन्मभर फिरतो. आमच्या घरातल्या फ्रीजने दोन मुलांची शिक्षणे आणि एक लग्न पाहिले, त्यात कोणी चिमूटभर गॅस घातला नाही. मोटारीत रबरी पाइप असतात, धक्के असतात, वर्षानुवर्षांत थोडा निसटायचाच, कबूल. पण दर वर्षी सगळा? म्हणजे भोक आहे! गळक्या बादलीत वरून पाणी ओतण्याला दुरुस्ती म्हणायचे आणि वर पावती मागायची, हा काय प्रकार?

बरे, गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते. गॅस कमी झाला की ते नीट परतत नाही. चौथ्या उन्हाळ्यात आमचा कॉम्प्रेसर जाम झाला, तेव्हा सौ. एवढेच म्हणाली, "अहो, तेवढ्यात पंखे लागले असते सगळ्या खोल्यांना."

नाना पेठेत सुट्या भागांच्या दुकानांत हिंडताना एक वयस्क मिस्त्री भेटले. "साहेब, दुसरा कॉम्प्रेसर बसवतो, पण तोही मरंल. आधी इथं बोट लावा." पाइपाच्या सांध्यावर तेलकट, काळी धूळ. त्यांनी नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरला आणि साबणाचा फेस लावला. बुडबुडे! आतली रबरी रिंग चिरली होती. किंमत सांगायची मला लाज वाटते.

मग त्यांनी रिंग बदलली, ड्रायर बदलला, पंपाने अर्धा तास नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढली. (ओल राहिली तर झडपेत बर्फ होतो आणि आतून गंज चढतो.) पंप बंद करून काटा हलतो का ते चहा होईपर्यंत पाहिले. शेवटी गॅस चक्क काट्यावर तोलून घातला, सराफासारखा. जास्त झाला तरी गारवा कमीच होतो म्हणे. गॅरेजातला मुलगा आमटीत मीठ घालावे तसा अंदाजाने घालत असे.

आणखी एक. पूर्वीचा आर-१२ ओझोनला भोके पाडतो म्हणून १९८७ साली माँट्रियलला करार झाला, पुढे मोटारींत आर-१३४ए आला. तो ओझोनला काही करत नाही, पण हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता धरतो. म्हणजे पुणे तापले म्हणून मी दर वर्षी गॅस भरत होतो आणि तो हवेत सोडून पुणे आणखी तापवत होतो. स्वखर्चाने!

गॅरेजवाल्याला एकट्याला का बोला? आम्ही तरी काय विचारतो? "गॅस कितीला भरता? पलीकडचा दोनशेनं स्वस्त देतो." गळती कुठे आहे, हे विचारायला पैसे पडत नाहीत, तरी विचारत नाही.

परवा एप्रिलात त्या मुलाने मला हटकले. "काका, औंदा गॅस कुठं भरला?"

"भरला नाही. आहे."

"आहे?" म्हणत तो आत धावला आणि गेज घेऊन आला.